टायटनची गाडी बाभळीपाशी थांबते

शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर पोचायला सात हजार सहाशे नव्वद वर्षं लागतात. हा आकडा तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण तो मी स्वतः काढला आहे, आठवीत असताना, मूर्तिजापूरच्या रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, आईच्या परातीशेजारी बसून. अमरावतीला राजापेठेतल्या माझ्या क्लासची मुलं हसतात. मोबाइल काढून मला दाखवतात की मॅडम, खरं यान तर सात वर्षांत पोचलं. पोचलं असेल. त्या यानाला वाटेत कोणाला घ्यायचं नव्हतं.

आता नीट बसा, कारण ही गोष्ट मी लग्नाकार्यात, कीर्तनकारासारखी, हातवारे करून सांगत आले आहे आणि दर वेळी कोणीतरी मधेच जेवायला उठतं. कागदावर तरी मला पूर्ण सांगू द्या.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बाबांच्या गणवेशाची खुंटी, आणि त्या खुंटीवर लाल-हिरवे झेंडे गुंडाळून ठेवलेले. आम्हा भावंडांना सगळ्या घरात फिरायची मुभा होती, त्या झेंड्यांना हात लावायची नव्हती. आमच्या घराण्यात गणवेश घालणारे बाबा पहिले. त्यांच्या आधीच्या सगळ्यांनी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला होता. त्यामुळे आई तो काळा कोट रोज रात्री पाटावर पसरून इस्त्री करायची, आणि करताना अशी गप्प व्हायची की आम्हीसुद्धा कुजबुजायचो. पहाटे मात्र घरात आवाजच आवाज. स्टोव्हचा फुरफुराट, परातीत भाकरी थापल्याचे थपथप आवाज, बाहेर शेडमध्ये छोट्या इंजिनाचं सुस्कारे टाकणं. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी, एरवी चून, म्हणजे पिठलं, आणि कायम ज्वारीची भाकर. आई घड्याळ बघत नसे. बाबांच्या डब्यातली चौथी भाकर तव्यावर फुगली की इंजिनाची शिट्टी व्हायची. कधी शिट्टी आधी झाली तर आई म्हणायची, आज गाडी लवकर निघून राहिली. भाकर उशिरा झाली असं ती कधी म्हणाली नाही.

बाबा छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, गार्ड होते. मूर्तिजापूरहून अचलपूर शहात्तर किलोमीटर, आणि आमची गाडी ते अंतर चार तासांत कापायची. सकाळी जायची, दुपारी परतायची. तिच्याइतकी शांत गाडी मी पुन्हा पाहिली नाही. तिच्यात बसून माणसं तुरीच्या शेंगा सोलत, सोयरीक जुळवत, भांडत आणि अचलपूर येईस्तोवर समेटही करत. म्हातारी माणसं सांगत की उतरून रानात जाऊन यावं आणि परत त्याच डब्यात चढावं. ही थाप आहे. मी करून पाहिलं आहे. मागचा डबा मिळतो.

या लाइनवर, दोन स्टेशनांच्या मधोमध, एक वाकडी बाभूळ होती. तिथं स्टेशन नव्हतं, फाटक नव्हतं, पाटीही नव्हती. तिथं गिरजामावशी होती. तिचं विहिरीवरचं वीतभर शेत रुळाला लागून होतं; मेथी, वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. हा भाजीपाला अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याच्या बाजारात सकाळी पोचला तर खपायचा, दुपारी पोचला तर बकऱ्यांना. जवळचं स्टेशन पायी दीड तासावर, आणि डोक्यावर टोपल्या. एका सकाळी निघायलाच उशीर झाला म्हणून ती बाभळीखाली उभी राहून जाणाऱ्या गाडीला शिव्या देत होती. इंजिनाच्या आवाजातूनही त्या शिव्या शेवटच्या डब्यातल्या बाबांपर्यंत पोचल्या. त्यांनी लाल झेंडा काढला. गाडी थांबली, मावशी चढली, टोपल्या चढल्या, आणि त्यानंतर ती गाडी तिथं थांबतच राहिली. भाज्या चढवायला सहा मिनिटं लागत. येताना थांबायचं काम नव्हतं. रिकाम्या टोपल्या असल्या की मावशी चालत्या गाडीतून उतरायची, जशी आपण ओट्यावरून उतरतो.

नियमाबाहेर गाडी थांबवणं म्हणजे खेळ नव्हता. असल्याच कारणावरून एका गार्डाची नोकरी गेल्याची गोष्ट क्वार्टरच्या अख्ख्या ओळीला पाठ होती, आणि आमच्या आईला जास्तच. बाबांनी त्या बाईकडून कधी सांभाराची काडीसुद्धा घेतली नाही, कोणी बोट दाखवू नये म्हणून. तरी आई कोट इस्त्री करता करता महिन्यातून एकदा तोंड उघडायचीच. "एका मेथीच्या जुडीपायी हा कोट जाईन, पाहा तुमी." बाबा म्हणायचे, मेथी नाही, चार टोपल्या असतात. आणि विषय संपायचा.

बाबांकडे दोन वह्या होत्या, आणि ही गोष्ट त्या दोन वह्यांवर उभी आहे, तेव्हा लक्ष द्या. एक सरकारी, जाडजूड, तिच्यात प्रत्येक स्टेशनची वेळ आणि उशिराचं कारण लिहायचं. तिच्यात बाभळीच्या जागी रोज लिहिलेलं असे: रुळावर गुरं, सहा मिनिटं. दुसरी खिशातली, लहान, स्वतःची. बाबा अत्यंत काटेकोर माणूस. एकदा खोटं लिहावं लागलं की त्यांना झोप लागत नसे, म्हणून दुसरीकडे खरं लिहून ठेवायचे. तिच्यात लिहिलेलं असे: गिरजाबाई, सहा मिनिटं. बस.

टायटन आमच्या घरात आला तो विज्ञानाच्या सरांमुळे. सर बारीक, चष्म्याला दोरा बांधलेले, आणि प्रत्येक गणितानंतर "दोनदा तपासा" म्हणायचे, म्हणून त्यांचं नावच आम्ही दोनदातपासा ठेवलं होतं. त्यांनी एका मासिकातलं चित्र वर्गात फिरवलं. शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. भोवती दाट हवा आणि तिच्यामुळे सगळा गोळा पिवळट नारिंगी, थेट मोर्शीकडच्या संत्र्यासारखा, नुसता देठ नव्हता. मी त्या चित्रावर भाळले. घरी येऊन जाहीर केलं की मला तिथं जायचं आहे. आईनं विचारलं, जेवून जाशील का?

अकोल्याला विज्ञान प्रदर्शन होतं. सरांनी विषय दिला: टायटनवर जायला किती वेळ लागेल? अंतर धरा एकशे अठ्ठावीस कोटी किलोमीटर आणि वेगवेगळ्या वाहनांनी काढा. मी कामाला लागले. पायी एकोणतीस हजार वर्षं, सायकलनं बारा हजार, एसटीनं साडेतीन हजारांच्या वर, विमानानं एकशे त्र्याऐंशी, आणि उजेडाला, तो काय कोणासाठी थांबत नाही, एकाहत्तर मिनिटं. मग मी म्हटलं, आमच्या गाडीनं किती? सरांनी दोऱ्याचा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, वेळापत्रकातला वेग घेऊ नकोस, ते स्वप्न असतं. खरा वेग काढ. प्रत्येक थांबा मांड. आकडा लपवायचा नाही.

प्रत्येक थांबा मांड. हे वाक्य मी फारच मनावर घेतलं. बाबा आंघोळीला गेलेले असताना कोटाच्या खिशातून लहान वही काढली आणि सगळे थांबे उतरवून घेतले. सरकारी वहीही तिथंच होती, पण तिच्यात गुरं होती आणि मला ठाऊक होतं की गुरं नसतात. खरा आकडा हवा होता ना? आज मी मुलांना शिकवताना सांगते की मोजमापात प्रामाणिकपणा हवा, आणि मनात म्हणते, पण कोणाच्या खिशातून घेतलंय तेही बघावं.

त्या संध्याकाळी परातीशेजारी बसून भागाकार केला. शहात्तर किलोमीटर, चार तास, ताशी एकोणीस. सात हजार सहाशे नव्वद वर्षं. आईनं विचारलं, एवढे दिवस डब्याचं काय? मी तेही काढलं. दोन वेळच्या दोन-दोन भाकरी धरून एका माणसाला एक कोटी बारा लाख भाकरी. आईनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "मंग तुह्या बापाले सांग, जोवारी दळून ठेवा म्हना."

तक्ता मी असा रंगवला की काय सांगू. वर टायटन, संत्र्याच्या रंगात. खाली मूर्तिजापूर. मधे रूळ, थेट आकाशात गेलेले, आणि रुळांच्या कडेला बारीक अक्षरांत सगळे थांबे. पाणी भरणे, बारा मिनिटं. चहा, नऊ मिनिटं. आणि एका वाकड्या बाभळीचं चित्र काढून त्याखाली: गिरजाबाईची बाभूळ, सहा मिनिटं, रोज. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. सुट्टीच्या दिवशी गाडीनं गेले तेव्हा मावशीच्या शेजारी बसून तिला सांगूनही आले की तुझं नाव मी शनीच्या रस्त्यावर लिहिलं आहे. तिनं टोपलीतलं वांगं हातात फिरवत विचारलं, "तठी वांगे पिकते का वं?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग नाव पाहायला अकोल्याला येते.

आणि आली. बाबांनी मंगळवारची त्यांची सुट्टी साधली होती. आम्ही मोठ्या लाइनच्या गाडीनं अकोल्याला गेलो. बाबा प्रवासी म्हणून बसले की त्यांना हात कुठं ठेवावे ते कळायचं नाही. तक्ता वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मावशी नवं लुगडं नेसून, डोक्यावर टोपली नसल्यामुळे मान जरा जास्तच ताठ. एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती; शेजारच्या मुलाचा ज्वालामुखी सकाळपासूनच गळत होता. मी तक्ता भिंतीला लावला. बाबांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा उघडलेला पाहिला. संत्रं पाहून हसले. रूळ पाहून कौतुकानं मान हलवली. मग वाकून बारीक अक्षरं वाचू लागले, आणि त्यांचं बोट बाभळीपाशी थांबलं.

"हे कुठून घेतलं, सुजे?"

"तुमच्या खिशातल्या वहीतून."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दाराकडे पाहिलं, कारण दारातून प्रमुख पाहुणे आत येत होते, आणि सरांनी आदल्या दिवशी पाहुण्यांचं नाव सांगितलं असलं तरी ते कोण आहेत ते मला आत्ता बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं. रेल्वेचे मोठे साहेब. उंच, सडसडीत, पांढरा शर्ट, आणि हातात पेन असं धरलेलं की जगातली प्रत्येक गोष्ट सही करून घ्यायची आहे. मला आईची इस्त्री आठवली. कोट जाईन, पाहा तुमी.

बाबांनी मग आयुष्यातलं एकमेव नाटक केलं. ते तक्त्यासमोर पाठ करून उभे राहिले. नेमकी बाभूळ झाकेल असे. साहेब ज्वालामुखीपाशी थांबले, चुंबकापाशी थांबले, आणि आमच्यापाशी आले. बाबा छातीवर हात बांधून, भिंतीला चिकटून, शनीच्या वाटेवर उभे. साहेब म्हणाले, जरा बाजूला होता का? बाबा एक पाऊल डावीकडे सरकले. तिकडे चहाचा थांबा होता. साहेबांनी पुन्हा विनंती केली. सर मागून मोठ्यानं म्हणाले, अहो, तक्ता दिसू द्या. बाबा बाजूला झाले.

साहेबांनी सगळं वाचलं. पायी, सायकल, एसटी. ते हसले नाहीत, पण डोळ्यांत काहीतरी हललं. मग आमच्या गाडीपाशी आले, वाकले, आणि पेनाचं टोक बाभळीवर ठेवून मला विचारलं, "हा थांबा वेळापत्रकात नाही. इथे गाडी का थांबते?"

मी बाबांकडे पाहिलं नाही. छताकडे पाहिलं. आणि ज्या मुलीला खरा आकडा हवा होता, ती म्हणाली, "सर, तिथं रोज रुळावर गुरं येतात."

झालं असतं. खरोखर, तिथंच सगळं मिटलं असतं. पण माझ्या मागून नवं लुगडं पुढं सरकलं.

"कोन गुरं?" गिरजामावशी म्हणाली. "काहून वं, मी गुरं हाओ काय? माह्यं नाव लिवलं ना तठी?" आणि साहेबांकडे वळून, बाजारात गिऱ्हाइकाला समजावावं तशी, तिनं सगळं सांगितलं. कोणत्या टोपलीत काय असतं, ती चढवायला किती वेळ लागतो, गार्डबाबूचा झेंडा कसा आधीच निघतो, आणि परतवाड्यात तिच्या सांभाराला कशी मागणी आहे. शेवटी म्हणाली की साहेब, सहा मिनिटं जास्तीची वाटत असतील तर तिच्या टोपल्या उचलून पाहा.

हॉलमध्ये ज्वालामुखी गळण्याचा तेवढा आवाज उरला. साहेबांनी बाबांना विचारलं, गार्ड आपण? बाबा सरळ उभे राहिले, कोट घातल्यासारखे, आणि म्हणाले, हो साहेब. वहीत काय लिहिता? गुरं, साहेब. रोज? बाबांनी क्षणभर हिशोब केला. ते काटेकोर माणूस. "मंगळवारी माझी सुट्टी असते साहेब. त्या दिवशी गुरं येत नाहीत."

साहेबांनी मला त्यांचं पेन दिलं. म्हणाले, ही सहा मिनिटं काढून टाक आणि पुन्हा वेळ काढ. मी तक्त्याच्या मागच्या बाजूला काढला. एवढ्या माणसांसमोर भागाकार करणं म्हणजे काय ते सर्कशीतल्या माणसाला विचारा. पण आकडा बरोबर आला. घाबरले तरी मी दोनदा तपासलं. सात हजार चारशे अठ्ठ्याण्णव. साहेबांनी वजाबाकी तोंडी केली आणि बाबांकडे वळले.

"म्हणजे तुमच्या या सहा मिनिटांपायी प्रवासी टायटनवर एकशे ब्याण्णव वर्षं उशिरा पोचतील."

बाबा साहेबलोकांशी नेहमी पुस्तकातलं मराठी बोलत. त्या दिवशी ते त्यांना सापडलं नाही.

"पोचतीन साहेब. पन तठी कोनी वाट पाहून नाही राहिलं. अठी बाभळीखाली बाई वाट पाहून राह्यते."

साहेबांनी पेन परत घेतलं, टोपण लावलं, खिशात अडकवलं. मग मला म्हणाले की मोठी चूक वेगळीच आहे. शनी एका जागी उभा नसतो, तू निघालीस तेव्हा जिथे होता तिथे तू पोचेपर्यंत तो राहणार नाही, म्हणून यान सोडताना तो पुढे कुठे असेल त्या जागेकडे सोडतात. आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्वालामुखीला.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी रडत होते. मावशीला काय घडलं ते अर्धंच कळलं होतं. पण अर्धं कळल्यावरही तिनं पदराची गाठ सोडून माझ्या हातात पेरूची फोड ठेवली आणि बाबांना म्हणाली की उद्यापासून ती स्टेशनवर चालत येईल, तिचे पाय काही मोडले नाहीत. बाबा म्हणाले, उद्या मी आहे ड्यूटीवर. तुम्ही बाभळीपाशीच उभ्या राहा. साहेबांनी थांबू नका असं सांगितलेलं नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती भडकेल. तिनं पाट घेतला, कोट पसरला आणि इस्त्री केली. पुढचे तीन आठवडे ती रोज जरा जास्त वेळ इस्त्री करायची. सोल्यांचा हंगाम होता, पण घरात भाजीला चव नव्हती. कोणी टपालवाल्याची सायकल ऐकली की सगळ्यांचे घास थांबायचे. माझं आणि टायटनचं बोलणं बंद होतं. बाबा मात्र रोज झेंडा काढत होते. आणि सरकारी वहीत, हे मी मुद्दाम चोरून पाहिलं, आता त्यांनी गुरं लिहिणं सोडलं होतं. तिथं लिहिलं होतं: गिरजाबाई. दोन्ही वह्या सारख्या झाल्या होत्या.

मग ते पत्र आलं. स्टेशन मास्तरांनी स्वतः आणून दिलं, आणि त्यांचा चेहरा असा की रडावं की हसावं हे ठरत नव्हतं. बाबांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, मोठ्यानं वाच, तुझ्यामुळे आलं आहे. त्यात लिहिलं होतं, सरकारी मराठीत, एकाही शब्दाला हसू न फुटता, की सदर लाइनवर अमुक किलोमीटरपाशी सकाळच्या गाडीच्या वेळी दररोज गुरे येत असल्याचे नोंदींवरून निदर्शनास आले आहे. सबब गुरांस इजा होऊ नये म्हणून त्या ठिकाणी सकाळची गाडी यापुढे सहा मिनिटे थांबवण्यात यावी. मंगळवारीसुद्धा.

आई आतून परातीसकट बाहेर आली. हाताला पीठ, आणि डोळ्यांत जे होतं ते तिनं पिठाच्याच हातानं पुसलं, त्यामुळे दिवसभर तिची एक भुवई पांढरी होती. "म्हंजे कोट राहिला," ती म्हणाली. मग तिला दुसरं काहीतरी सुचलं आणि तिनं आम्हा सगळ्यांना दम भरला की या पत्रातला मजकूर त्या बाईच्या कानावर जाता कामा नये. अकोल्याला तिनं साहेबाला सोडलं नाही, ती आपल्याला काय सोडते.

मावशीनं अर्थात विचारलंच. दुसऱ्या सकाळी टोपल्या चढवताना बाबांना म्हणाली, काय आलं म्हने कागदात? बाबांनी घड्याळ पाहिलं, हिरवा झेंडा उलगडला आणि म्हणाले, "तुमची नोंद झाली, बाई." ती खूश झाली. त्या दिवशी आमच्या घरी मेथीच्या दोन जुड्या आल्या आणि बाबांनी पहिल्यांदा त्या परत पाठवल्या नाहीत.

आता ती लाइन बंद आहे. रुळांत गवत आहे. मी अमरावतीहून अचलपूरला गाडी चालवत जाते तेव्हा कधी वाकडी वाट करून बाभूळ शोधते. दर वेळी वेगळीच सापडते आणि मी तिलाच ती समजते. बाबा गेले, मावशी गेली. शनी अर्थातच तेव्हा होता तिथं राहिलेला नाही. ते साहेब बरोबर होते. क्लासमध्ये दर वर्षी कोणीतरी विचारतं की टायटनला किती वेळ लागतो. मी फळ्यावर सगळं मांडते, उजेडाची एकाहत्तर मिनिटं, खऱ्या यानाची सात वर्षं, आणि ते कसं आधी दुसऱ्या ग्रहांना वळसे घालत जातं, जसं मूर्तिजापूरहून अमरावतीला येताना आपण बडनेऱ्याला गाडी बदलतो. मग खाली आमच्या गाडीचा आकडा लिहिते. एखादी हुशार मुलगी हमखास हात वर करते आणि म्हणते, मॅडम, तो अनधिकृत थांबा काढला तर सात हजार चारशे अठ्ठ्याण्णव येतात.

मी तिला सांगते, अधिकृत आहे. पत्र आहे माझ्याकडे.